यादी : रिकामी आणि भरलेली

'यादी' हा शब्द मराठी घरांत इतका रुळलेला आहे कीं, तो मूळचा परक्या घरचा आहे अशी शंकाही कोणाला येत नाहीं. फारसींत 'याद' म्हणजे स्मरण; आणि जें स्मरणांत टिकणार नाहीं तें जिच्यांत उतरून ठेवावयाचें ती यादी. वाण्याची यादी, लग्नाच्या आमंत्रणांची यादी, शाळेचा हजेरीपट, मतदारांची यादी, अशा किती तरी याद्यांच्या आधारानें संसार आणि समाज चालत असतो. परंतु यादी करतांना दोन निराळीं कामें होतात, इकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. पहिलें काम, कोरा कागद पुढें ओढून यादीला आरंभ करणें. दुसरें काम, तिच्यांत एकेक नांव भरणें. माणसाच्या हातून हीं दोन्ही कामें एका ओघांत होऊन जातात. संगणकाला मात्र तीं निरनिराळीं सांगावीं लागतात. तीं एकाच वाक्यांत, थोडक्यांत आणि तरीही निःसंदिग्धपणें कशीं सांगावीं, हा प्रश्न दिसण्यांत क्षुल्लक असला तरी संगणकाच्या एका प्रसिद्ध भाषेला त्यानें जवळजवळ वीस वर्षें गुंतवून ठेविलें. त्या प्रश्नाची हकीकत हाच या भाषणाचा विषय आहे.

हा विषय रुक्ष वाटण्याचा संभव आहे. तथापि सोलापुरासारख्या शहरांत तो घराघराशीं निगडित होऊन बसला आहे. येथें १८७७ मध्यें पहिली कापडगिरणी उभी राहिली, आणि पुढें शंभर वर्षें गिरणीचा भोंगा हेंच शहराचें घड्याळ होतें. त्या जुन्या मोठ्या गिरण्या आतां बंद पडल्या आहेत. १९८३ मध्यें येथें वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ही संस्था निघाली. आज गिरणी-कामगारांचीं आणि विणकरांचीं नातवंडें संगणकाची विद्या शिकतात, आणि शिकून बहुधा पुण्याची वाट धरतात. नात रात्रीं उशिरापर्यंत पडद्यासमोर बसून काय लिहीत असते, हें आजोबांना कळत नाहीं. आजोबांनीं मागावर काय केलें, हें नातीला ठाऊक नसतें. वास्तविक दोघांचें काम एकाच जातीचें आहे. तें कसें, हें यादीच्या निमित्तानें स्पष्ट होईल.

संगणकाच्या कांहीं भाषांना इंग्रजींत 'ऑब्जेक्ट ओरिएंटेड' असें नांव आहे. मराठींत त्यांना वस्तुप्रधान भाषा म्हणतां येईल. या भाषांत प्रथम एक सांचा तयार करतात आणि त्या सांच्यावरून हव्या तितक्या वस्तु काढतात. चादरीचा नमुना एक, आणि त्यावरून विणलेल्या चादरी अनेक, तसाच हा प्रकार. प्रत्येक वस्तु आपली माहिती आपल्यापाशीं बाळगते आणि आपलीं कामें आपण करते. यादी हीसुद्धां अशीच एक वस्तु होय. आपल्यांत किती नांवें आहेत हें ती सांगते, तिसरें नांव कोणतें तें दाखविते, आणि नवें नांव दिलें असतां तें पोटांत घेते.

१९९५ मध्यें सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीनें 'जावा' नांवाची वस्तुप्रधान भाषा प्रसिद्ध केली. १९९८ च्या अखेरीस तिची जी आवृत्ति निघाली, तींत याद्या आणि तत्सम संग्रह यांची पद्धतशीर व्यवस्था प्रथमच लावून देण्यांत आली. आतां समजा कीं, सोलापूर जिल्ह्यांतील तालुक्यांची यादी करावयाची आहे. त्या वेळच्या सरळ रीतीप्रमाणें पहिलें वाक्य असें लिहावें लागे : नवी रिकामी यादी तयार कर. नंतर : तिच्यांत पंढरपूर घाल. नंतर : तिच्यांत बार्शी घाल. नंतर : तिच्यांत अक्कलकोट घाल. जिल्ह्याचे तालुके अकरा. तेव्हां अकरा नांवांसाठीं बारा वाक्यें झालीं, आणि त्यांपैकीं अकरा वाक्यांत 'तिच्यांत घाल' या शब्दांची निव्वळ पुनरुक्ति.

या पुनरुक्तीनें हात दुखतो, हा त्यांतला लहान दोष. मोठा दोष असा कीं, वाचणाऱ्याला अर्थ एका दृष्टिक्षेपांत दिसत नाहीं. 'हे जिल्ह्याचे अकरा तालुके' एवढीच गोष्ट सांगावयाची असतां ती बारा वाक्यांत विखुरली जाते. मधलें एखादें वाक्य गळलें तर सांगोला जिल्ह्याबाहेर जातो आणि कोणाच्या लक्षांतही येत नाहीं. तिसरा दोष याहूनही सूक्ष्म आहे. पहिल्या वाक्यापासून बाराव्या वाक्यापर्यंत यादी अर्धवट असते. संगणकांत एकाच वेळीं अनेक कामें चालूं शकतात. यादी भरत असतांना दुसऱ्या एखाद्या कामानें ती उघडून पाहिली, तर त्याला पांचच तालुके दिसावयाचे, आणि जिल्हा तेवढाच आहे असें समजून तें पुढें चालूं लागावयाचें.

यावर पहिला तोडगा निघाला तो असा. त्याच १९९८ च्या व्यवस्थेंत 'ॲज-लिस्ट' नांवाची एक सोय होती. आधींच मांडलेली रांग तिच्या हवालीं केली म्हणजे ती त्या रांगेला यादीचें रूप देई. २००४ मध्यें भाषेची पांचवी आवृत्ति निघाली, आणि नांवें एकामागून एक स्वल्पविरामांनीं तोडून थेट सांगण्याची मुभा मिळाली. बारा वाक्यांचें एक वाक्य झालें, आणि लोकांनीं ती रीति आनंदानें उचलली. पण तिच्यांत एक अट दडलेली होती. ती यादी म्हणजे रांगेचेंच दुसरें रूप असल्यामुळें तिच्यांतील जागांची संख्या ठरलेली असे. पंगतींत अकरा पाट मांडले, तर एका पाटावरील माणूस उठवून तेथें दुसरा बसवितां येईल. बारावा पाट मात्र मांडतां यावयाचा नाहीं, कीं मांडलेला काढतां यावयाचा नाहीं. तसा प्रयत्न केल्यास संगणक तक्रार करतो आणि चालतें काम थांबवितो. विशेष असें कीं, ही तक्रार लिहितांना ऐकूं येत नाहीं. काम सुरू झाल्यावर ऐकूं येते. म्हणून जाणते लोक या रांगेवरून एक नवी, वाढूं शकणारी यादी त्याच वाक्यांत तयार करून घेऊं लागले. वाक्य थोडें लांबलें, पण तें खात्रीचें झालें.

दुसरी एक युक्ति दुहेरी महिरपी कंसांची. नव्या यादीपुढें एकांत एक असे दोन कंस उघडावयाचे आणि आंत नांवें घालण्याच्या आज्ञा लिहावयाच्या. दिसावयास ही मांडणी ऐटदार. परंतु आंत काय घडतें तें पाहिलें म्हणजे तिचा मोह आवरतो. अशी प्रत्येक मांडणी एकेका यादीसाठीं एक नवा निनांवी सांचा घडविते, म्हणजे एक तांब्या पाहिजे म्हणून तांबट आळींत नवी भट्टी घालण्यापैकींच हें झालें. शिवाय ज्या वस्तूच्या पोटांत ती मांडणी लिहिली असेल, त्या वस्तूचा पदर ही यादी पुष्कळदां गुपचूप धरून ठेवते. त्यामुळें ती वस्तु निरुपयोगी झाली तरी तिनें अडविलेली जागा मोकळी होत नाहीं.

शेवटीं सप्टेंबर २०१७ मध्यें निघालेल्या नवव्या आवृत्तींत 'लिस्ट ऑफ' ही रीति आली. यादी म्हणावयाचें आणि कंसांत नांवें सांगावयाचीं, इतकेंच. ही यादी जन्मतःच मोहोरबंद असते. तिच्यांत भर घालतां येत नाहीं, घट करतां येत नाहीं, एकाच्या जागीं दुसरें ठेवतां येत नाहीं; आणि एखादी जागा निव्वळ रिकामी ठेवूं म्हटलें तर तेंही ती मान्य करीत नाहीं. तिच्या रचनेंत एक मौज आहे. दहा नांवांपर्यंत प्रत्येक संख्येसाठीं स्वतंत्र व्यवस्था करून ठेविली आहे, कारण लहान याद्याच वारंवार लागतात आणि त्यांच्यासाठीं मध्यें रांग मांडण्याचा खटाटोप वाचावा. अकराव्या नांवापासून मात्र आधीं रांग मांडूनच यादी होते. सोलापूर जिल्हा एका तालुक्यानें ही मर्यादा ओलांडतो.

मोहोरबंद यादी ही अडचण कीं सोय, असा प्रश्न येथें कोणी विचारील. वाण्याच्या यादीला मोहोर केली तर गृहिणीची पंचाईत होईल, कारण ऐन वेळीं हिंग आठवतो. परंतु परीक्षेंत उत्तीर्ण झालेल्यांची यादी फलकावर लागल्यावर तिच्यांत कोणालाही नांव घालतां येऊं लागलें, तर त्या यादीला किंमत उरणार नाहीं. जी यादी अनेक हातांतून जावयाची, ती कोणाच्याही हातून बदलूं नये, हेंच इष्ट. थोडक्यांत लिहिण्याच्या रीतीनें येथें नुसते श्रम वाचविले नाहींत; यादी जन्माला येते तीच पूर्ण भरलेली येते, आणि तिचें अर्धवट रूप कोणाच्या दृष्टीस पडत नाहीं.

इतर भाषांनीं हा प्रश्न आपापल्या परीनें सोडविला. १९५८ मध्यें जॉन मॅकार्थी यांनीं रचावयास घेतलेल्या 'लिस्प' या भाषेचें नांवच यादीवरून पडलें आहे, आणि तींत कंसांत मांडलेली यादी हेंच मुख्य वाक्य असतें. १९९१ मध्यें प्रसिद्ध झालेल्या 'पायथन' भाषेंत चौकोनी कंस उघडून नांवें लिहिलीं कीं यादी झाली. 'सी शार्प' या भाषेनें २००७ मध्यें नव्या यादीपुढेंच कंसांत नांवें लिहिण्याची सवलत दिली. तथापि पडद्यामागें यंत्र पूर्वीप्रमाणेंच एकेक नांव घालीत असे. लिहिणाराचे कष्ट वाचले, यंत्राचे वाचले नाहींत. पायथननें २००० मध्यें आणखी एक पाऊल टाकलें. नांवें न सांगतां नियम सांगावयाचा : एक ते दहा यांतील प्रत्येक संख्येचा वर्ग घे, आणि वाटल्यास विषम संख्यांचाच घे. गणितांत संच लिहिण्याची जी रीति शाळेंत शिकवितात, तिचीच ही धाकटी बहीण होय.

थोडक्यांत यादी सांगण्याची ही हौस भारतीयांना नवी नाहीं. पाणिनीनें व्याकरण रचतांना संस्कृतचे सर्व वर्ण चौदा सूत्रांत एका ठरीव क्रमानें मांडले आणि प्रत्येक सूत्राच्या शेवटीं एक खुणेचें अक्षर ठेविलें. पुढें सर्व स्वर म्हणावयाचे असतां तो 'अच्' एवढेंच म्हणतो, सर्व व्यंजनें म्हणावयाचीं असतां 'हल्'. आरंभींचा वर्ण आणि शेवटची खूण यांच्यामध्यें जें जें येईल ती यादी. अर्धी मात्रा वांचली तरी वैयाकरणाला पुत्रजन्माचा आनंद होतो, असें उगीच म्हणत नाहींत. परंतु तेथेंही थोडकेपणाची किंमत मोजावी लागली आहे. खुणेचा 'ण्' पहिल्या आणि सहाव्या अशा दोन सूत्रांच्या शेवटीं येतो. त्यामुळें 'अण्' म्हटल्यावर पहिल्या ण् पर्यंत जावयाचें कीं दुसऱ्या, हें ठरविण्यासाठीं टीकाकारांना पुष्कळ ऊहापोह करावा लागला. शब्द जितके कमी, तितकी समजुतीवर मदार अधिक.

आतां सोलापूरच्या मागाकडे वळावें. तेलंगणांतून आलेल्या पद्मशाली विणकरांनीं हातमागावर आणि पुढें यंत्रमागावर येथील चादरीचा नांवलौकिक वाढविला, आणि सोलापुरी चादरीला आज भौगोलिक निर्देशनाचें कायदेशीर संरक्षण लाभलें आहे. त्या चादरीवरील फुलें, वेली आणि मोर हे जॅकार्ड नांवाच्या यंत्रानें उमटतात. ल्योंचा विणकर जोसेफ मारी जॅकार्ड यानें १८०४ च्या सुमारास तें यंत्र सिद्ध केलें. त्यांत पुठ्ठ्याचे भोंकें पाडलेले पत्ते असतात. एकेका आडव्या धाग्यासाठीं एकेक पत्ता. जेथें भोंक असेल तेथील उभा धागा वर उचलला जातो, जेथें नसेल तेथील धागा खालींच राहतो. म्हणजे प्रत्येक पत्ता ही 'उचल' आणि 'राहूं दे' अशा आज्ञांची यादीच होय. हे पत्ते दोरीनें ओळीनें गुंफून त्यांची माळ करतात, आणि माळेचीं टोकें जोडलीं कीं तोच नमुना पुन्हा पुन्हा विणला जातो. पत्ता मागावर चढतो तो पुरता भोंकें पाडूनच. विणतां विणतां त्यांत भोंक पाडीत कोणी बसत नाहीं. चूक आढळली तर नवा पत्ता कापावयाचा. मोहोरबंद यादीचा धडा विणकराला दोनशें वर्षांपूर्वींच मिळालेला होता.

या पत्त्यांचें कूळही मोठें आहे. चार्ल्स बॅबेज या इंग्रज गणितज्ञानें गेल्या शतकापूर्वींच्या शतकांत, १८३४ नंतर, जें गणकयंत्र योजिलें, त्याला आज्ञा देण्यासाठीं त्यानें हेच पत्ते निवडले. माग जशीं फुलें आणि पानें विणतो, तसें हें यंत्र बीजगणिताचे नमुने विणील, अशा आशयाचें विवेचन एडा लव्हलेस या विदुषीनें १८४३ मध्यें केलें. १८९० च्या अमेरिकन जनगणनेंत हर्मन हॉलरिथ यांच्या यंत्रांनीं भोंकांच्या पत्त्यांवरूनच माणसें मोजलीं. आजचा संगणक त्याच घराण्यांतला आहे.

विणकराची आणखी एक यादी आहे. ती उभ्या धाग्यांच्या रंगांची. ती सांगतांना तो एकेक धागा मोजून सांगत नाहीं. समजा, चार लाल, दोन पांढरे, पुन्हा चार लाल आणि बारा काळे, असे बावीस धागे. आणि हा क्रम तीस वेळां. एवढ्या चार शब्दांत सहाशें साठ धाग्यांची यादी झाली. जावा भाषेंतही अशी सोय आहे. एक वस्तु द्यावयाची आणि अमुक वेळां म्हणावयाचें. तितक्या जागांची यादी तयार होते. वरून हजार जागा दिसल्या तरी आंत ती वस्तु एकच ठेविलेली असते, म्हणून जागाही फार लागत नाहीं.

आणि येथेंच खरा धोका आहे. लाल रंग चार ठिकाणीं असला तरी तो लालच राहतो. एका ठिकाणचा लाल बदलून निळा होत नाहीं. म्हणून रंगाच्या बाबतींत 'हीच वस्तु पुन्हा पुन्हा' म्हटल्यानें कांहीं बिघडत नाहीं. परंतु जी वस्तु बदलते तिच्या बाबतींत काय होईल? सोलापुरांत विड्या वळून संसार चालविणाऱ्या स्त्रिया फार. आणि त्यांची मजुरी हजारी विड्यांच्या हिशेबानें ठरते. समजा, एखाद्या कारखान्यासाठीं कोणी तरुण हिशेब लिहीत आहे. चाळीस कामकरणी आहेत, म्हणून चाळीस कोऱ्या खात्यांची यादी पाहिजे. त्यानें थोडक्यांत लिहिलें : हें कोरें खातें चाळीस वेळां. यंत्र कांहीं तक्रार करीत नाहीं. चाळीस जागांची यादी तयार होते आणि दिसावयास ती निर्दोष असते. सकाळीं पहिल्या बाईच्या नांवावर एक हजार विड्या लिहिल्या जातात, आणि त्याच क्षणीं चाळीसही जणींच्या नांवावर एक हजार उमटतात. कारण तेथें चाळीस खातीं नव्हतींच. खातें एक आणि त्याला दरवाजे चाळीस, अशी ती व्यवस्था होती. सायंकाळीं प्रत्येकीपुढें सर्वांची बेरीज दिसणार, आणि कोणी किती वळल्या हें शोधून काढण्यास कोणताच मार्ग उरणार नाहीं.

यावर उपाय सोपा आहे, आणि तोही तितकाच थोडका आहे. 'हें खातें चाळीस वेळां' असें न म्हणतां 'चाळीस वेळां नवें खातें' असें म्हणावयाचें. पायथनमध्यें नियमाची रीति वापरली म्हणजे प्रत्येक जागेसाठीं खातें नव्यानें निर्माण होतें. जावा भाषेंतही २०१४ मधील आठव्या आवृत्तीपासून 'असें असें करून इतकीं वस्तु काढ' असा नियम एका वाक्यांत सांगतां येतो. दोन वाक्यांच्या लांबींत फारसा फरक नाहीं. अर्थांत मात्र चाळीस घरांच्या मजुरीचा फरक आहे.

यावरून थोडक्यांत लिहिणें वाईट, असा निष्कर्ष कोणी काढूं नये. बारा वाक्यांची कंटाळवाणी यादी हीच पुष्कळ चुकांचें माहेरघर असते, हें वर दिसलेंच आहे. मात्र ज्या रीतीनें यादी थोडक्यांत केली, तिला तीन प्रश्न विचारून घ्यावे. ही यादी पुढें वाढणार कीं मोहोरबंद राहणार? तिच्या जागांवर निरनिराळ्या वस्तु बसल्या आहेत, कीं एकच वस्तु अनेक जागीं दिसते आहे? आणि ती दुसऱ्याच्या हातीं पडेल तेव्हां पूर्ण भरलेली असेल काय? या तीन प्रश्नांचीं उत्तरें ठाऊक असलीं, म्हणजे वाक्य कितीही लहान करावें, भय नाहीं.

हे प्रश्न विचारण्यास संगणकाची भाषा यावी लागतेच असें नाहीं. ज्यांनीं जॅकार्डचे पत्ते कापले, रंगांचा क्रम तोंडानें सांगून ताणा लावविला, किंवा हजेरीपटावर नांवें चढविलीं, त्यांना ते सहज सुचतील. घरांतील मुलानें किंवा मुलीनें एका ओळींत यादी केल्याचें कौतुकानें दाखविलें, तर वडील माणसांनीं कौतुक अवश्य करावें. आणि मग शांतपणें विचारावें कीं, यांत खातें एक आहे कीं चाळीस?